जीवाणूंचे प्रयोग आणि निर्जंतुक हाताळणी

हरभऱ्याचे बी कुंडीत पेरले असता काय उगवले हे विद्यार्थ्यास डोळ्यांनी दिसते आणि शेजारी तण उगवलेच तर तो ते उपटून टाकतो. जीवाणूंच्या बाबतीत ही सोय नाही. जे पेरावयाचे तेही दिसत नाही आणि न पेरता वाऱ्याबरोबर जे येऊन पडते तेही दिसत नाही. दिसते ते दोन दिवसांनंतरचे पीक. आणि ते पेरलेल्या बियाण्याचे की आगंतुकाचे, हे सांगण्यास त्या वेळी हाताशी कोणताही पुरावा उरलेला नसतो. म्हणूनच जीवाणूंच्या प्रयोगशाळेतील पहिला धडा सूक्ष्मदर्शकाचा नसून हातांचा असतो. नकोत ते जीवाणू आत येऊ न देणे आणि आत आहेत ते बाहेर पडू न देणे, या दुहेरी दक्षतेस निर्जंतुक हाताळणी असे म्हणतात. उच्च प्राथमिक वर्गांस विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाने ती स्वतः करून पाहिलेली असणे इष्ट आहे. कारण जीवाणूंचा पाठ शिकविताना कोणता प्रयोग वर्गात करावा आणि कोणता केवळ तोंडी सांगावा, हा निर्णय पुस्तकापेक्षा हाताच्या अनुभवानेच नीट घेता येतो.

एवढी दक्षता का घ्यावी लागते, हे एका हिशेबाने ध्यानात येईल. अन्न व ऊब भरपूर असल्यास काही जातींचा जीवाणू सुमारे २० मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतात. सकाळी दहा वाजता शाळा भरताना असा एकच जीवाणू रश्शात पडला आणि कोठे अडथळा आला नाही, तर सायंकाळी पाच वाजता शाळा सुटेपर्यंत २१ वेळा दुपटीकरण होऊन त्यांची संख्या २० लाखांवर जाते. वर्गातील एखाद्या हुशार मुलाने फळ्यावर हे दुपटीकरण करून दाखवावे. गणिताचा तास आणि विज्ञानाचा तास दोन्ही साधतात.

महाराष्ट्रातील घरोघरी ही विद्या एका अंगाने रोज चालू असते. दूध तापवून वर येऊ देणे, ते कोमट होईपर्यंत थांबणे, स्वच्छ भांड्यात चमचाभर विरजण लावणे, झाकण ठेवून भांडे उबेला ठेवणे आणि दही लागेपर्यंत ते न हलविणे, या साध्या क्रियांत प्रयोगशाळेतील जवळजवळ सगळा क्रम आलेला आहे. दूध कढत असताना विरजण लावले तर दही लागत नाही, कारण बीच भाजले जाते. हा घरचा अनुभव तापलेली तार न निवविता वापरणाऱ्या उतावीळ विद्यार्थ्यास पुढे उपयोगी पडतो. मात्र गृहिणीचे काम एका बाबतीत सोपे आहे. दह्यातील जीवाणू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात इतर पुष्कळ जीवाणूंचा निभाव लागत नाही. विरजण आपले शेत आपणच राखते. प्रयोगशाळेतील पोषक माध्यमास असा राखणदार नसतो. ते येईल त्याला जेवू घालते.

१८८० च्या सुमारापर्यंत संशोधक जीवाणू बहुधा मांसाच्या पातळ रश्शात वाढवीत. रश्शात पाच जाती पडल्या तर पाचही एकमेकींत मिसळून जात आणि त्या वेगळ्या करणे अतिशय कठीण होई. जर्मन संशोधक रॉबर्ट कॉख यांचे लक्ष उकडलेल्या बटाट्याच्या कापाकडे गेले. कापावर ठिकठिकाणी निरनिराळ्या रंगांचे ठिपके उठत आणि एका ठिपक्यात एकाच जातीचे जीवाणू सापडत. घन पृष्ठभागावर पडलेला जीवाणू जागचा फारसा हलत नाही. त्याची प्रजा त्याच्याभोवतीच साचते आणि काही काळाने ती नुसत्या डोळ्यांना दिसू लागते. या दृश्य ढिगास वसाहत म्हणतात. एका जीवाणूपासून झालेली वसाहत म्हणजे एकाच कुळाचे शुद्ध बियाणे होय.

बटाटा सर्व जीवाणूंना मानवत नाही, म्हणून कॉख यांनी रश्शात जिलेटिन मिसळून ते थिजविले. परंतु उन्हाळ्याच्या उष्म्यात जिलेटिन वितळे आणि काही जीवाणू तर ते पचवून त्याचे पाणी करीत. ही अडचण १८८१ मध्ये सुटली ती स्वयंपाकघराच्या मार्गाने. कॉख यांचे सहकारी वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी आगर वापरण्याची सूचना केली. समुद्रशेवाळापासून काढलेला हा पदार्थ पूर्वेकडील देशांतून खाद्यपदार्थ थिजविण्यासाठी वापरीत आणि त्याची माहिती त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या परिचितांकडून मिळालेली होती. मराठी घरांत पुडिंगासाठी आणले जाणारे ‘चायना ग्रास’ ते हेच. आगर सुमारे ८५ अंश सेल्सिअसला वितळते, परंतु एकदा वितळल्यावर ते ४० अंशांच्या खाली येईपर्यंत थिजत नाही. आणि फारच थोडे जीवाणू ते पचवू शकतात. १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवरील आपल्या निबंधात कॉख यांनी आगरचा उल्लेख केला, परंतु ते सुचविणाऱ्या बाईंचे नाव त्यात आले नाही. १८८७ मध्ये कॉख यांचे साहाय्यक युलिउस पेट्री यांनी आगर ओतण्यासाठी झाकणाची उथळ काचबशी सुचविली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या बशीचे झाकण घट्ट बसत नाही, तरीही आतील माध्यम आठवडेच्या आठवडे स्वच्छ राहते, याचे नवख्यास आश्चर्य वाटते. जीवाणूंना पंख नाहीत. ते धुळीच्या कणांवर आणि तुषारांवर बसून प्रवास करतात आणि धूळ वरून खाली पडते. झाकणाच्या कडेखालून वळसा घेऊन ती वर चढत नाही. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेला रस्सा उघड्या हवेत असूनही टिकवून दाखविला, त्यातील तत्त्व हेच होते. म्हणून बशी उघडताना झाकण काढून टेबलावर उताणे ठेवावयाचे नसते. ते एका बाजूने काम करण्यापुरते उचलावे, बशीवर छत्रीसारखे धरावे आणि काम होताच खाली सोडावे. पंखा बंद असावा, खिडकी लावलेली असावी आणि उघड्या बशीवर कोणी बोलू नये. हा शेवटचा नियम पाळणे विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांनाच अधिक जड जाते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसून घेतात. शुद्ध अल्कोहोल अधिक प्रभावी असेल असा समज होणे साहजिक आहे. परंतु जीवाणूतील प्रथिने गोठविण्यास पाण्याचीही गरज असते, म्हणून पाणी मिसळलेले अल्कोहोलच चांगले काम करते. टेबल कोरडे झाल्यावर आणि अल्कोहोलची बाटली दूर नेऊन ठेवल्यावरच स्पिरिटचा दिवा लावावा. जीवाणूंपासून होणाऱ्या अपायापेक्षा या क्रमातील चुकीने होणारी भाजण्याची दुर्घटना शाळेत अधिक संभवते.

जीवाणू उचलण्याचे साधन म्हणजे दांड्यात बसविलेली नायक्रोमची तार असून तिच्या टोकास बारीक फासा केलेला असतो. ही तार ज्योतीत उभी धरून टोकापासून दांड्यापर्यंत लाल होऊ द्यावी. नंतर १० ते १५ सेकंद ती हवेत निववावी. या वेळात ती कोठेही टेकू नये, फुंकू नये, हलवू नये. डाव्या हातात परीक्षानळी तिरपी धरावी आणि तिचा कापसाचा बोळा उजव्या हाताची करंगळी व तळवा यांच्यामध्ये धरून काढावा. बोळा टेबलावर ठेवला की तो गेला असे समजावे. नळीचे तोंड ज्योतीतून एकदोनदा झर्रकन फिरवावे. त्यामुळे कडेवरील जीवाणू मरतात आणि तोंडाजवळची हवा तापून बाहेर वाहू लागते, म्हणून धूळ आत पडत नाही. फाशावर थोडेसे संवर्धन घ्यावे, तोंड पुन्हा ज्योतीतून काढावे, बोळा बसवावा आणि नळी घोडीत ठेवावी. काम संपल्यावर तार पुन्हा लाल करावी. ही शेवटची लाली पुष्कळजण विसरतात. पहिल्या लालीने प्रयोग वाचतो, शेवटच्या लालीने माणूस वाचतो, असे म्हणण्यास हरकत नाही. हा सर्व क्रम नवख्या हाताने प्रथम साध्या पाण्याच्या दोन नळ्यांवर दहापंधरा वेळा गिरवावा.

फाशावर आलेल्या लाखो जीवाणूंतून एकेकटा जीवाणू वेगळा कसा काढावयाचा? यासाठी रेघाटणीची युक्ती आहे. बशीच्या एका कडेस फासा टेकवून दाट नागमोडी रेघा ओढाव्यात. तार तापवून निववावी, बशी थोडी फिरवावी आणि पहिल्या रेघांच्या टोकांतून फासा एकदोनदा ओलांडून दुसऱ्या भागात नव्या रेघा ओढाव्यात. पुन्हा तार तापवून तिसरा भाग आणि मग चौथा. प्रत्येक वेळी पूर्वीच्या भागातून थोडेच जीवाणू पुढे येत असल्याने चौथ्या भागात ते विरळ, सुटेसुटे पडतात आणि त्यांच्या वसाहती मोत्यांसारख्या वेगवेगळ्या उठतात. आगर मऊ असते. हात जड पडला तर ते नांगरल्यासारखे फाटते. एखादी वसाहत रेघेच्या बाहेर, भलत्याच जागी उठली तर ती हवेतून आलेली समजावी. रेघ हीच येथे साक्ष असते. याखेरीज काहीही न पेरलेली एक बशी नेहमी शेजारी ठेवावी. तिच्यावर काही उगवले, तर त्या दिवसाच्या कोणत्याही बशीवर विश्वास ठेवता येत नाही. पुष्कळ वेळा घाईत वगळली जाते ती हीच बशी.

बशीवरील नाव व तारीख झाकणावर न लिहिता तळावर लिहावी, कारण झाकणांची अदलाबदल होते. बशी उबेला ठेवताना पालथी ठेवावी. नाही तर झाकणास धरलेल्या वाफेचे थेंब पडून वसाहती एकमेकींत वाहून जातात.

माध्यम व साधने निर्जंतुक करण्याचा प्रश्न याहून खोल आहे. पाणी उकळले म्हणजे सर्व जंतू मेले, ही समजूत पिण्याच्या पाण्यापुरती व्यवहारात चालते. प्रयोगशाळेत ती चालत नाही. काही जातींचे जीवाणू प्रतिकूल काळात आपले सत्त्व एका कठीण कवचात गुंडाळून बीजाणूच्या रूपाने पडून राहतात. मातीत व गवतात असे बीजाणू विपुल असतात आणि त्यांपैकी काही उकळत्या पाण्यातही तग धरतात. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी तर पाणी १०० अंशांच्या अलीकडे, सुमारे ९५-९६ अंशांसच उकळते. बीजाणू मारण्यासाठी दाबाखालची वाफ लागते. दर चौरस इंचास १५ पौंड अधिक दाब असताना वाफेचे तापमान १२१ अंश होते आणि लहान नळ्यांतील माध्यम त्या तापमानात १५ मिनिटांत निर्जंतुक होते. घरगुती प्रेशर कुकरचा दाब साधारण एवढाच असल्याने महागड्या यंत्रावाचून शाळेचे काम भागते. मात्र आतील हवा वाफेबरोबर नीट बाहेर पडू दिल्यावरच वजन ठेवावे. हवा कोंडली तर दाब दिसतो, पण तापमान गाठले जात नाही.

बीजाणूंकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत किती असू शकते, हे दाखविणारी एक घटना मुंबईच्या इतिहासाशी निगडित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. प्लेगचे जीवाणू ते बाटल्यांतील रश्शात वाढवीत आणि रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. बाटली स्थिर राहिली म्हणजे त्या थेंबांखाली जीवाणूंची वाढ झुंबराच्या लोलकांसारखी लोंबू लागे; संवर्धन ओळखण्याची ती एक खूणच होती. नंतर तापवून ते जीवाणू मारीत व त्यांची लस करीत. १८९९ पासून हे काम परळ येथील जुन्या राजभवनाच्या वास्तूत चालू लागले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांस ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेल्या १९ जणांस काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. परंतु चौकशीतील जबानीत एक बारीकसा तपशील होता. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कारबॉलिक आम्लाच्या पाण्यात थोडासा हलवून घेतला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. तो ज्योतीत धरला नव्हता. धनुर्वाताचे जीवाणू बीजाणूंच्या रूपाने मातीत असतात आणि औषधाच्या पाण्यात क्षणभर बुडविल्याने ते मरत नाहीत. शिवाय हे जीवाणू बाटलीत दीर्घकाळ वाढत असते, तर द्रवास घाण यावयास हवी होती. बाटली उघडताना तसा वास आलेला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला. १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात त्यांचे संयुक्त पत्र प्रसिद्ध झाले आणि हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. खाली पडलेले साधन पुसून, धुऊन वा झटकून पुन्हा वापरावयाचे नाही, हा नियम विद्यार्थ्यास सांगताना ‘का?’ असा प्रश्न आल्यास मलकोवालची हकिकत सांगावी.

आता दृश्य भागाकडे. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत जीवाणू काचेसारखे पारदर्शक दिसतात, म्हणून त्यांना रंगवावे लागते. दह्यातील निवळीचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून हवेत वाळू द्यावा आणि पट्टी ज्योतीवरून दोनतीन वेळा सरकवावी, म्हणजे लेप चिकटतो. पट्टी हाताच्या पाठीस सोसवेल इतकीच तापावी. १८८४ मध्ये डेन्मार्कचे हान्स क्रिस्टिआन ग्रॅम यांनी बर्लिन येथे काम करीत असताना शोधलेली रंगविण्याची रीत, पुढे झालेल्या थोड्या सुधारणांसह, आजही जगभर चालते. क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग एक मिनिट, पाण्याने धुऊन आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल काही सेकंदच, पुन्हा पाणी आणि शेवटी सॅफ्रॅनिनचा तांबडा रंग. ज्यांची भित्तिका जाड ते जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तिकेचे अल्कोहोलने रंग सोडून देतात आणि नंतर तांबडे होतात. सगळी मेख अल्कोहोलच्या पायरीत आहे. ते अधिक वेळ राहिले तर जांभळेही तांबडे होतात आणि निष्कर्ष उलटा निघतो. दह्यातील जीवाणू जांभळे राहतात. काही काठीसारखे लांबट, काही गोल आणि माळेत ओवल्यासारखे. हजारपट मोठे करणारी तेलाची काच नसल्यास चारशेपटीत ते बारीक ठिपक्यांएवढे दिसतात. तेवढ्यानेही वर्गाचे समाधान होते.

शाळेत करावयाच्या कामास काही मर्यादा घालणे अवश्य आहे. बियाणे म्हणून दही, आंबविलेले इडलीचे पीठ किंवा यीस्ट घ्यावे. दह्यातील जीवाणू आगरवर वाढवावयाचे असल्यास माध्यमात थोडी ग्लुकोज साखर व यीस्टचा अर्क घालावा, अन्यथा ते नीट वाढत नाहीत. घसा, नाक, जखम, शौचालय, गटार, जनावरांचे शेण यांतील नमुने शाळेत कधीही वाढवू नयेत. त्या ठिकाणी थोडे असताना जे निरुपद्रवी असतात तेच बशीवर कोट्यवधी झाले म्हणजे धोकादायक होऊ शकतात. बोटांचे ठसे उमटवून हात धुण्याचे महत्त्व पटविण्याचा प्रयोग लोकप्रिय आहे. तो केल्यास वाढ दिसू लागल्यानंतर बशी पुन्हा उघडू नये. झाकण चिकटपट्टीच्या चार तुकड्यांनी ठिकठिकाणी जखडावे, पण कड सर्व बाजूंनी बंद करू नये; हवा कोंडल्यास हवेवाचून वाढणाऱ्या घातक जातींना वाव मिळतो. या प्रयोगात कधी कधी साध्या पाण्याने ओझरत्या धुतलेल्या हाताच्या ठशावर न धुतलेल्याहून अधिक वसाहती उठतात, आणि शिक्षक गोंधळतो. वरवरच्या धुण्याने त्वचेच्या घड्यांतील जीवाणू सुटून वर येतात, एवढेच त्याचे कारण आहे. साबणाने नीट धुतलेल्या हाताचा तिसरा ठसा शेजारी असेल तर पाठ फुकट जात नाही.

तापमानाचाही विचार करावा. मानवी शरीरात रोग उत्पन्न करणारे बहुतेक जीवाणू ३७ अंशांस जोमाने वाढतात, म्हणून शाळेतील बशा २५ ते ३० अंशांतच ठेवतात. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखात वर्गखोलीच ३७ अंशांच्या वर जाते. तेथे हे प्रयोग हिवाळ्यातच करणे योग्य. तोंडाने नळीत द्रव ओढणे, प्रयोगाच्या टेबलावर डबा उघडणे, पेन्सिल तोंडात धरणे, हे अर्थातच वर्ज्य. संवर्धन सांडल्यास फडक्याने लगेच पुसू नये. त्यावर कागद टाकून विरंजक द्रव ओतावा, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग हातमोजे घालून उचलावे.

प्रयोग संपल्यावर बशा केराच्या टोपलीत जाता कामा नयेत. त्या न उघडता उष्णता सोसणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात, पिशवीचे तोंड सैल बांधावे म्हणजे वाफ आत शिरेल, आणि कुकरमध्ये पूर्ण दाबाखाली निदान २० ते ३० मिनिटे ठेवाव्यात. कुकर आपोआप निवल्यावरच उघडावा. प्लॅस्टिकच्या बशा वितळून वेड्यावाकड्या होतात, त्या तशाच टाकण्याजोग्या असतात. काचेच्या बशा धुऊन पुन्हा वापरता येतात. या कामासाठी ठेवलेल्या कुकरवर तांबड्या रंगाने ठळक खूण करून तो विज्ञानाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावा, आणि शाळेच्या पोषण आहाराची खिचडी शिजविणाऱ्या बाईंनाही त्या खुणेचा अर्थ सांगून ठेवावा.